साठा उदंड, फोटो सापडेना

लातूरकरांना साठ्याचं महत्त्व कुणी शिकवू नये. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे शहर आहे. नांदेडकरही उन्हाळ्यात विष्णुपुरी धरणात किती पाणी उरलं याची चौकशी करतात. मोबाइलमधल्या साठ्यापुढे मात्र दोन्ही गावं सारखीच उधळी. गुगल फोटोजने १ जून २०२१पासून अमर्याद फुकट सेवा बंद केली. आता १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून. आयक्लाउड तर ५ जीबीवरच हात आखडतं. आपला तोडगा ठरलेला : घरातल्या प्रत्येकाच्या नावे नवं खातं, आणि सगळ्यांचे पासवर्ड पुण्यात शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात!

फोटोंच्या दर्जाबाबतही तेच : प्री-वेडिंग शूटवर पैसा ओतायचा, मग तेच फोटो व्हॉट्सॲपवर दाबून पाठवायचे आणि शालूची जर दिसत नाही म्हणून फोटोग्राफरला बोल लावायचे. गुगल फोटोजच्या मॅजिक इरेजरने फोटोतला नकोसा साडू पुसता येतो. त्याची रोजची गुलाबाच्या फोटोवरची ‘शुभ सकाळ’ मात्र स्वतःच्याच बोटाने पुसावी लागते. तेव्हा सेवा कुठलीही निवडा, पण आधी ते गुलाब काढा आणि लग्नाच्या फोटोंची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा.