परसदार नाही, ग्रिल मात्र हवा

बदलापूर पूर्वेला सातव्या मजल्यावर परसदार म्हणजे कपडे वाळत घालायची गॅलरी. तरी थर्टी फर्स्ट जवळ आला की घराघरात बार्बेक्यूची चर्चा पेटते. नवरा व्हिडिओ बघून कोळशाच्या बाजूने, बायको वरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गोधडीच्या बाजूने. शेवटी स्वारी उल्हासनगरात. दुकानदार विचारतो, "माणसं किती?" आणि पाय दुमडणारी पत्र्याची पेटी पुढे सरकवतो. भाव करण्याआधी पत्रा अंगठ्याने दाबून बघा. पोचा पडला, तर दुसऱ्याच पार्टीत निखारे लादीवर. जाळी जस्ताच्या मुलाम्याची नको. ती फार तापली की निघणारा धूर विषारी असतो. स्टेनलेसचीच मागा.

स्मोकरवर मात्र पैसे घालू नका. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या कृपेने इथे रात्री-अपरात्री धूर घरपोच मिळतो, तोही फुकट.

आणि खरं सांगायचं तर घाटाखाली हा प्रश्न कधीच सुटलाय. हिवाळ्यात रायगडात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, थर्मामीटर नाही, वॉरंटी कार्ड तर नाहीच. तेव्हा कर्जतकडे शेत असलेला एखादा मित्र जोडा आणि मडकं घेऊन जा. गॅलरीत ग्रिल लावायचाच असेल, तर इलेक्ट्रिक घ्या.