शंभर मैलांची मर्जी

पहाटेचे सव्वापाच. कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावाजवळचं रॉबी पार्क, उंची सुमारे सात हजार फूट. शंभरावर घोडे अंधारात फुरफुरताहेत, आणि त्यांच्या पाठीवर हेल्मेट घालून बसलेली सुशिक्षित, कमावती माणसं मनातल्या मनात एकच जप करताहेत: निदान सुरुवातीलाच पाडू नकोस बाई.

या शर्यतीचं नाव टेव्हिस कप. शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर, चोवीस तासांत. मुंबई-पुण्यापेक्षा थोडं जास्तच अंतर. पण बोरघाट एकच असतो, इथे एक संपला की दुसरा उभा. सिएरा नेवाडाचा डोंगर चढून, दऱ्यांमधून खाली-वर करत ऑबर्न गावी पोचायचं. तिथे मिळतं काय? पट्ट्याला लावायचं चांदीचं बक्कल. रोख रक्कम नाही. उलट प्रवेश फी स्वाराने भरायची.

हे सगळं सुरू झालं ते एका वादातून. हल्लीच्या घोड्यांत पूर्वीचा दम राहिलेला नाही, एका दिवसात शंभर मैल वगैरे जुन्या गप्पा, असं म्हणणारे लोक तिकडेही आहेत. ऑबर्नचे लाकूडव्यापारी वेंडेल रॉबी यांना ते झोंबलं. 1955 च्या ऑगस्टमध्ये मोजक्या सोबत्यांना घेऊन ते निघाले आणि चोवीस तासांच्या आत घरी पोचले. तिथे गप्प बसले असते तर पुढच्या पिढ्यांचे गुडघे वाचले असते. पण दर वर्षी हे व्हायला हवं असं त्यांनी ठरवलं.

शर्यतीत घोडा असतो तशी घोडीही असते, आणि घोडी असली की प्रकरण वेगळं. तिकडच्या घोडेवाल्यांत एक म्हणणं आहे: खच्ची केलेल्या घोड्याला हुकूम सोडावा, घोडीला विनंती करावी. वसंतापासून शरदापर्यंत दर तीन आठवड्यांनी ती माजावर येते आणि पाच-सात दिवस तिचं जगाशी पटत नाही. शर्यत नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. तारीख ठरवणारे पौर्णिमा पाहतात, घोडीचं पंचांग कोणी पाहत नाही. मग शेजारचा घोडा जरा जवळ आला की कान मागे पडतात, किंचाळी फुटते आणि दुगाणी झाडली जाते. अशा घोडीच्या शेपटीला लाल फीत बांधायची रीत आहे. मागच्याने अंतर ठेवावं. स्वार तिच्या वतीने डावी-उजवीकडे माफी मागत जातो.

तयारी काही वर्षांची असते, आणि बघायला गेलं तर कमालीची कंटाळवाणी. आधी मैलोन्‌मैल नुसतं चालवायचं, मग दुडकी चाल, तीही बेतानं. कारण दम आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात, कंडरा आणि हाडं मात्र सावकाश घट्ट होतात. म्हणजे घोडीला वाटू लागतं की आपण आता वारा झालो, आणि पाय अजून तयार नसतात. ही उतावीळ आवरणं हाच खरा सराव. सहा वर्षांखालच्या घोड्याला टेव्हिसमध्ये घेतच नाहीत.

दुसरा धडा पाण्याचा. घोडा उन्हात राबला तर तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. त्या घामात क्षार भरपूर. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे शरीराला तहान लागल्याची वर्दीच नीट पोचत नाही. स्वच्छ ओढा समोर आणि घोडी नाक वर करून डोंगर न्याहाळतेय, असं दृश्य वाटेत हमखास दिसतं. म्हणून क्षारांची पूड सफरचंदाच्या गरात कालवून, बिनसुईच्या मोठ्या पिचकारीत भरून, तिच्या गालफडात सोडायची असते. ती सगळं शांतपणे तोंडात धरून ठेवते. स्वार समाधानाने पिचकारी खिशात घालतो. मग ती शिंकते. ऑबर्नला पोचणाऱ्यांच्या शर्टांवरचे डाग हे बहुतेक असे, धूळ त्यावर नंतर बसते.

तिसरा धडा शेपटीचा. तीव्र चढावर स्वाराने उतरावं, घोडीला पुढे घालावं आणि तिची शेपटी धरून मागून चालावं. ओझं कमी होतं आणि आपल्यालाही ओढ मिळते. लाल फितीवाल्या घोडीला हे शिकवणाऱ्यांच्या धैर्याची नोंद कुठल्याही चषकावर नाही.

तर निघाली मंडळी. पहिला मोठा चढ एमिग्रंट पासचा, सुमारे पावणेनऊ हजार फुटांवर. 1960 चं हिवाळी ऑलिम्पिक झालं ते खोरं याच्याच पायथ्याशी. नंतर येतो कूगर रॉक नावाचा ज्वालामुखी खडकाचा उभा सुळका. याला वळसा घालून जाणारी वाट आहे. तरीही पुष्कळ लोक सुळक्यावरूनच जातात, कारण माथ्यावर फोटोग्राफर बसलेला असतो. आयाळ मुठीत, पोट खोगिरावर, चेहऱ्यावर देवाचा धावा; तोच फोटो पुढे आयुष्यभर दिवाणखान्यात. घोडी मात्र त्यात नेहमी सुंदर दिसते.

छत्तिसाव्या मैलावर रॉबिन्सन फ्लॅट, तासाभराचा सक्तीचा मुक्काम. या शर्यतीत खरी सत्ता स्वाराची नसते, पशुवैद्यांची असते. ते हिरडी दाबून रक्त किती पटकन परतलं ते बघतात, पोटाला नळी लावून आतड्यांची गुडगुड ऐकतात आणि नाडी मोजतात. एरवी मिनिटाला चाळीसच्या आत असलेली नाडी वाटेत कितीतरी पट वाढलेली असते. ती साठीच्या घरात उतरल्याशिवाय परवानगी नाही. त्यामुळे मैदानभर एकच धांदल. बादल्या, स्पंज, गार पाण्याच्या धारा मानेवर. पाठीवरून उतरलेला राजा न्हाव्याच्या पोऱ्यासारखा तिच्याभोवती नाचत असतो, आणि तिला अगदी त्याच वेळी शेजारच्याची पेंढी हवी असते. नाडी उतरली की दुडकत नेऊन आणायचं. लगाम धरून स्वारानेही पळायचं. त्यात लंगडताना दिसतो तो बहुधा स्वार, पण त्या बाजूला डॉक्टर बघत नाहीत.

मग दऱ्या सुरू होतात. पारा चाळिशीला टेकतो. झुलत्या पुलापाशी नदीत घोड्यांना भिजवून जो चढ लागतो त्याचं नाव डेव्हिल्स थंब, दोन मैलांच्या आत सुमारे दीड हजार फूट. शेपटीचा धडा इथे कामी येतो. पंचवीस वळणांनंतरही वळणं संपत नाहीत आणि संभाषण पूर्ण थांबतं. वर पोचल्यावर स्वयंसेवक हसतमुखाने विचारतात, घोडी कशी आहे?

अडुसष्टाव्या मैलावरच्या फॉरेस्टहिलनंतर रात्र. वाटेवर मंद चमकत्या कांड्या टांगलेल्या असतात, वर चंद्र. डोक्याला दिवा लावून हुशारी करणाऱ्याला जुने लोक तो विझवायला सांगतात. घोडीला अंधारात माणसापेक्षा चांगलं दिसतं, दिव्याने तिचेच डोळे दिपतात. म्हणजे दरीच्या कडेकडेने, काही न दिसता, लाल फितीवाल्या बाईच्या भरवशावर. शेवटी 1912 चा नो हँड्स ब्रिज. कित्येक वर्षं त्याला कठडाच नव्हता.

ऑबर्नला मैदानात फेरी होते, टाळ्या पडतात, आणि तरीही शर्यत संपलेली नसते. पुन्हा डॉक्टर, पुन्हा दुडकी. घोडी पुढे जाण्याजोगी ठणठणीत नसेल तर शंभर मैल जाऊनही नाव पूर्ण करणाऱ्यांत लागत नाही. साधारण निम्मे गडी बक्कलापर्यंत पोचतात. पहिल्या दहांतल्या सर्वांत तंदुरुस्त घोड्यासाठी हॅगिन कप असतो आणि त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वाराला मोजे घालायलाही कोणाची तरी मदत लागते अशा वेळी.

1974 मध्ये गॉर्डी एन्स्ले नावाच्या गड्याने हे सगळं घोड्याशिवायच करायचं ठरवलं. तो याच वाटेवर, याच शर्यतीबरोबर पायी धावला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. त्यातून वेस्टर्न स्टेट्स नावाची शंभर मैलांची धावण्याची शर्यत उभी राहिली. तिथेही चोवीस तासांच्या आत चांदीचं बक्कल. माणसांना मात्र सवलत आहे: तीस तासांपर्यंत रखडत आले तरी ब्राँझचं बक्कल मिळतं. घोडीसाठी अशी दुसरी श्रेणी कोणी ठेवलेली नाही.