सुरीसाहेब, आपले उपकार कसे फेडावेत?

माननीय कासिम सुरीसाहेब,
माजी उपाध्यक्ष, नॅशनल असेंब्ली, इस्लामाबाद, यांसी

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ३ एप्रिल २०२२ रोजी आपण आपल्या सभागृहावर केलेल्या उपकारांचे आभार अजून नीटसे कुणी मानलेले नाहीत. त्या दिवशी पंतप्रधान इम्रान खान यांच्यावरील अविश्वास ठरावावर मतदान व्हायचे होते. मते मोजण्याचे सगळे कष्ट आपण वाचवलेत.

मंत्री फवाद चौधरी उठले, परकीय कट म्हणाले, राज्यघटनेतले देशनिष्ठेचे पाचवे कलम त्यांनी पुढे केले आणि आपण ठराव फेटाळलात. हाच ठराव मांडू द्यावा म्हणून २८ मार्चला १६१ सदस्य उभे राहिले होते. चौकशी नाही, विरोधकांचे दोन शब्द ऐकणे नाही, मिनिटांत निवाडा! एवढा झटपट न्याय आम्हा सामान्यांना कुठल्या कोर्टात मिळतो?

राज्यघटनेचे ९५वे कलम सात दिवसांत मतदान घ्या म्हणते. आपण त्याच्या जाचातून सर्वांना मोकळे केलेत. इम्रानसाहेबांनी त्याच दिवशी सभागृह बरखास्त करवून आपल्या कामावर कळस चढवला.

आपली स्वतःची निवड २०१९ मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने रद्द केली होती; सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीवर आपण त्या खुर्चीत होतात. मतमोजणीचा त्रास काय असतो, हे आपल्याशिवाय कुणाला कळणार?

आमच्या दिल्लीत १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. आपल्यासारखा मार्गदर्शक नव्हता, म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी सरळ राजीनामा दिला.

तुमच्याकडे मात्र ७ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने आपला निर्णय घटनाबाह्य ठरवला. ९ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर अखेर मते मोजली गेली. हवी होती १७२, पडली १७४.

साहेब, आपल्या देशात एकाही पंतप्रधानाला पाच वर्षे पुरी करता आलेली नाहीत. कुणाला लष्कराने घालवले, कुणाला राष्ट्रपतींनी, कुणाला न्यायालयाने. निवडून आलेल्यांनीच मत देऊन पंतप्रधानाला घरी पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तीच आपण अडवू पाहिलीत. सरकारे पडतात, नवी येतात. त्याने लोकशाही मरत नाही. हरणाऱ्याला मोजणीच टाळता येते हे एकदा दिसले, की पुढचा माणूस मते जमवायच्या भानगडीत कशाला पडेल? तो थेट छावणीचा रस्ता धरेल.

म्हणून हात जोडून एकच विनंती: पुन्हा कधी त्या खुर्चीत बसलात, तर एवढे उपकार करू नका. मते मोजू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शेजारचा एक मतदार