बाई? हे जरा अतिच होतंय!

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चा नायक 1963पासून निळ्या पोलीस-खोक्यात बसून काळाच्या आरपार हिंडतो. त्याला दोन हृदयं. मरायला टेकला की चेहरा बदलून पुन्हा उभा. एवढं सगळं चाहत्यांना पटलं. जुलै 2017मध्ये तेरावी डॉक्टर अभिनेत्री जोडी व्हिटेकर होणार असं जाहीर झालं आणि काहींना एकदम विज्ञान आठवलं.

या मंडळींना पिंपरीत आणायला हवं. तिथल्या टेल्को या ट्रक कंपनीने 1974मध्ये इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, ही वर तळटीप. सुधा कुलकर्णींनी (पुढे मूर्ती) थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, मुलाखत झाली, नोकरी लागली. एकही ट्रक लाजून बंद पडला नाही.

आपणही हसू नये. रंगभूमीवर बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू आपण डोक्यावर घेतली. पुरुषाने नऊवारी नेसली तर कला, बाईने पाना धरला तर आक्रीत!

आज चाकणच्या कंपन्यांतून शिफ्ट सुटली की सेफ्टी शूज घातलेल्या पोरी बसमध्ये चढतात. हृदय एकच, पाळ्या दोन: एक कंपनीत, एक घरी. काळयंत्र खरं तर त्यांनाच द्यावं; तळेगाव चौकातलं ट्रॅफिक तरी चुकेल.