थोरल्या पातीचा हाइनरिश

जुन्या जर्मन संस्थानांची सुवर्णनाणी जमवणारा गृहस्थ सोन्याच्या भावाकडे ढुंकूनही पाहत नाही. डिसेंबर १८७१ च्या कायद्याने जर्मन साम्राज्यात सोन्याची मार्क-नाणी सुरू झाली. वीस मार्कांचे नाणे कुठल्याही संस्थानाचे असो, वजन ७.९६५ ग्रॅम, नव्वद टक्के सोने आणि मागे साम्राज्याचा गरुड. पुढच्या बाजूला मात्र ज्याचा त्याचा राजा. हांबुर्ग, ब्रेमेन या बिनराजाच्या नगरांचे मानचिन्ह. या गृहस्थाचे आयुष्य पुढच्या बाजूवरच खर्ची पडते.

त्याच्या दरबारातला मानपान उलटा असतो. सम्राट तिसरा फ्रीडरिश १८८८ साली जेमतेम ९९ दिवस गादीवर होता. पण त्याची वीस मार्कांची नाणी पन्नास लाखांहून अधिक पडली, म्हणून तो दाराशीच उभा. साक्स-कोबुर्ग-गोथाच्या ड्यूकची १८७२ ची नाणी अवघी १,०००. त्याला थेट लोड-तक्क्याचा मान. रॉइस घराण्यात तर प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिश, ओळखायचा तो आकड्यावरून. १८७५ च्या नाण्यावरचा बाविसावा हाइनरिश थोरल्या पातीचा, १८८१ च्या नाण्यावरचा चौदावा धाकट्या पातीचा. सख्ख्या पुतण्यांची नावे चुकणारा हा गृहस्थ हाइनरिशांचा आकडा झोपेतही चुकत नाही.

नाणे तो दोन बोटांत, फक्त कडेने धरतो. पाहुण्याचा अंगठा गरुडावर टेकला की चहा एकाच कपावर थांबतो. ‘पुसून लख्ख करून देऊ का?’ असे कुणी मायेने विचारले, तर घरात सुतक पडते. घासलेल्या नाण्याला बाजारात मान नसतो.

टांकसाळीचे अक्षर हे त्याचे दुसरे दुखणे. सम्राट पहिल्या विल्हेल्मचे तेच डोके ‘ए’ म्हणजे बर्लिन, ‘बी’ म्हणजे हानोव्हर आणि ‘सी’ म्हणजे फ्रांकफुर्ट अशा तीन अक्षरांत मिळते, म्हणून तो तिन्ही घेतो. बायकोला तिन्ही सारखीच दिसतात. तो भिंग पुढे करतो, ती बिल पुढे करते.

संग्रह पुरा होणे हा या गृहस्थाचा खरा धोका. पण त्यावरही तोड आहे. संस्थाने संपली की वसाहती सुरू होतात. १८९५ साली जर्मन न्यू गिनीसाठी स्वर्गपक्ष्याचे चित्र असलेली दहा आणि वीस मार्कांची सुवर्णनाणी पाडली गेली, तीही मोजकीच. संग्रह पुन्हा अपुरा ठरतो आणि गृहस्थाला रात्री शांत झोप लागते.