हिरवी शाई, पिवळी टिपणी

मीटिंगमध्ये वही उघडून बसलेला माणूस नेमकं काय लिहितो, यावर अजून कुणी प्रबंध लिहिल्याचं ऐकिवात नाही. शेजारच्या खुर्चीवरून डोकावण्याची जुनी खोड असल्यामुळे मी थोडंफार सांगू शकतो. आधी तारीख येते आणि तिच्याखाली दोन रेघा. मग विषय. विषयाभोवती चौकोन, चौकोनाला सावली. पडद्यावर तिसरी स्लाइड येईपर्यंत समासात गणपती अवतरतो. आधी सोंड, मग कान, आणि बोलणारा फारच लांबला तर उंदीर. (मराठी माणसाला चित्रकला येत नाही, गणपती येतो.) पुढे स्वतःच्या सहीचा सराव, हप्ता वजा जाता पगारातून काय उरतं त्याचा हिशेब, आणि साहेबांशी अचानक नजरानजर झालीच तर घाईघाईने एक शब्द : ‘महत्त्वाचे’. काय महत्त्वाचं, ते लिहायचं राहून जातं.

लॅपटॉपवाल्याची तऱ्हा वेगळी. तो सगळं टिपतो. ‘माझा आवाज येतोय का’ हेही टिपतो आणि ‘येतोय, येतोय’ हेही. त्याची बोटं अशी पळत असतात की बोलणाऱ्याला वाटावं, आपण काहीतरी मोलाचं सांगतोय. निम्मा वेळ तो दुसऱ्याच कुणाच्या ईमेलला उत्तर देत असतो, पण हे बोलणाऱ्याला दिसत नाही. पडद्याची पाठ त्याच्याकडे असते. वहीला अशी पाठ नसते. वहीवाल्याचा गणपती सगळ्यांना दिसतो.

तर आमच्या कचेरीत वही बंद झाली. तसं परिपत्रकच निघालं : ‘कागदविरहित कार्यसंस्कृती’. परिपत्रकाची छापील प्रत प्रत्येकाच्या टेबलावर आली, आणि ‘मिळाले’ अशी सही शिपायाने वहीत घेतली.

लगेच दोन तट पडले. वहीवाल्यांचे पुढारी आमचे हिशेबनीस काका, जे खिशाला दोन पेनं लावतात, एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. टॅबवाल्यांचा पुढारी नुकताच आलेला पोरगा, ज्याला स्वतःची सही करायला लावली तर तो आधी पॅनकार्ड काढून बघतो. दोघांनीही विज्ञानाचा आधार घेतला.

काकांनी नॉर्वे आणलं. ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदकांची टोपी चढवली, त्यांना शब्द लिहायला आणि टाइप करायला लावले, आणि २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलं की हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांचं एकमेकांशी बोलणं जास्त असतं. काकांनी बातमी कापून वहीत डकवली. मूळ निबंध त्यांनी उघडला नाही, हे बरं झालं. कारण त्या पोरांनी कागदावर नव्हे, टचस्क्रीनवर डिजिटल पेनाने लिहिलं होतं. म्हणजे काकांचा मुख्य साक्षीदार टॅबवाल्यांच्या घरचा निघाला. आणि टाइप करताना? एकाच बोटाने, उजव्या हाताच्या तर्जनीने. हे वाचून मला भरून आलं. मेंदूशास्त्राने जी पद्धत प्रयोगाच्या सोयीसाठी मुद्दाम लावून घेतली, ती आपल्या कचेऱ्यांत संगणक आला त्या दिवसापासून चालू आहे. एक बोट अक्षर शोधतं, दुसऱ्या हातात चहा.

पोरग्याने अमेरिका आणली, आणि तीही अर्धीच. २०१४ मध्ये तिकडच्या दोन संशोधकांना असं दिसलं होतं की लॅपटॉपवर टिपणारे विद्यार्थी वक्त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतात, आणि समजून उत्तर द्यायची वेळ आली की मागे पडतात. ‘शब्दशः लिहू नका’ असं बजावूनही त्यांनी शब्दशःच लिहिलं. हा भाग पोरग्याने गाळला. त्याने सांगितलं ते पुढचं : २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तर फरक तितका ठळक दिसेना. थोडक्यात, विज्ञानाचं म्हणणं अगदी आमच्या साहेबांसारखं पडलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पुढच्या बैठकीत घेऊ.

माझ्या मते या सगळ्या विद्वानांचा पायाच चुकलाय. टिपण लक्षात राहण्यासाठी घेतात, असं ते गृहीत धरतात. वर्गात घेत असतील. कचेरीत टिपण घेतात ते वेळ आली की ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणता यावं म्हणून. त्यासाठी टिपणाच्या अंगी तीन गुण लागतात : ते आपल्याला वाचता यावं, दुसऱ्याला वाचता येऊ नये, आणि त्यातली तारीख गरजेप्रमाणे आठवावी. या कसोटीवर हस्ताक्षराचा हात धरणारं यंत्र अजून निघालेलं नाही. काकांचं अक्षर पाहा. त्यांच्या वहीतली एकच ओळ मार्चमध्ये ‘खर्च मंजूर’ अशी वाचली गेली आणि लेखापरीक्षक आल्यावर ‘खर्च नामंजूर’ अशी. दोन्ही वेळा काकांनीच वाचून दाखवली. दुसऱ्या कुणाला वाचता आलीच नसती.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक असावं. नाहीतर इतका कारभार मोडीत कशाला केला असता? लेखणी फार न उचलता सरसर लिहीत जायचं, कागद रुमालात बांधायचा आणि रुमाल फडताळात टाकायचा. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. वाचणारे मोजके. तरी त्या लिहिण्याची ताकद बघा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्यांच्या छंदाला घरचेही हसायचे, त्यांना कलेक्टर कचेरीतून बोलावणी गेली. कुठल्यातरी गावच्या कारकुनाने दिवेलागणीला, घरी जायच्या घाईत खरडलेला एक शब्द आज त्याच गावातल्या पोराचा दाखला ठरवतो. त्या कारकुनाने नोंद ठेवताना ‘दीर्घकालीन माहिती व्यवस्थापन’ वगैरे प्रशिक्षण घेतलं असेल, असं वाटत नाही.

उलट आमच्या कचेरीची जुनी टिपणं सीडीवर आहेत. सीड्या जपून ठेवल्या आहेत, कपाटाला कुलूप आहे, कुलपाची किल्ली आहे. सीडी आत घालता येईल असा संगणक मात्र इमारतीत उरलेला नाही. मोडी निदान शिकता येते.

टिपणीची खरी किंमत सरकारात कळते. खाजगी कंपनीत टिपण म्हणजे कागद, सरकारात टिपणी म्हणजे गळ्यातलं लोढणं किंवा कवचकुंडलं, ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे. २००६ साली केंद्र सरकारने माहिती अधिकारातून फायलींवरचे शेरे वगळायचा घाट घातला, तेव्हा अण्णा हजारे ऑगस्टात आळंदीला उपोषणाला बसले, आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला. फायलीच्या समासातल्या चार ओळींसाठी माणसं जेवण सोडतात, असा आपला प्रांत. पण नोकरशाहीही याच मातीतली. शेरे जनतेला दिसणार म्हटल्यावर शेऱ्यांनीच रूप पालटलं. मोठे साहेब पेन्सिल वापरू लागले, आणि पेन्सिलीच्या सख्ख्या बहिणीला, खोडरबराला, मानाचं स्थान मिळालं. त्याहून मोठा शोध म्हणजे फायलीवर चिकटवायची ती पिवळी चिठ्ठी. तिच्यावर दोन शब्द : ‘कृपया बोलावे.’ फाइल चिठ्ठीसकट वर जाते, बोलणं होतं, फाइल चिठ्ठीविना खाली येते. काय बोलणं झालं, ते माहिती अधिकारात मिळत नाही, कारण ती माहिती नसून गप्पा असतात.

मग ई-ऑफिस आलं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ही प्रणाली रचली, आणि रचणाऱ्यांना सरकारी मनाची नाडी नक्कीच सापडलेली होती. तिच्यात टिपणीचे दोन रंग आहेत. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची. ती बदला, वाढवा, टाकून द्या. हिरवी म्हणजे पक्की. एकदा ती पुढे गेली की दगडावरची रेघ, वर तारीख, वेळ आणि तुमचं नाव. उद्देश असा की आधी पिवळीत विचार करावा आणि मग हिरवीत मत द्यावं. अनुभवी अधिकाऱ्याने त्यातून वेगळाच बोध घेतला. पिवळं पान हे त्याला त्याच्या जुन्या चिठ्ठीचंच पुनर्जन्मातलं रूप वाटलं. तो पिवळ्यातच मुक्काम ठोकून असतो. हिरव्यात तो जातो ते निवृत्तीच्या आठवड्यात, आणि तेव्हाही लिहितो : ‘वरीलप्रमाणे सादर.’

रंगावरून आठवलं. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत शाईचेही नियम आहेत. सामान्य जनांनी निळी किंवा काळी वापरावी. हिरवी-लाल वापरायची मुभा सहसचिव आणि त्यावरच्यांना, तीही क्वचित. केवढी सोय होती! फाइल उघडली की हुद्दा आधी दिसायचा, मजकूर नंतर. मजकूर नाही वाचला तरी चालायचं. पडद्यावर कनिष्ठ लिपिकाची अक्षरं आणि सचिवांची अक्षरं एकाच मापाची, एकाच काळ्या रंगाची. असल्या समतेला कुणी मोर्चा काढून मागितलं होतं? आमच्या कचेरीत साहेबांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. ते सगळं ठळक ठशात आणि दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहितात. परवा त्यांचं ‘ठीक’ एवढंच उत्तर आलं आणि माझ्या फोनचा पडदा भरून गेला.

आमच्या पोरग्याची गोष्ट राहिली. त्याने ‘दुसरा मेंदू’ बांधायला घेतलाय. म्हणजे एक ॲप आहे, त्यात कप्पे, कप्प्यांत कप्पे, प्रत्येकाला रंगीत खूण, आणि सगळे एकमेकांना धाग्यांनी जोडलेले. त्याचं दैवत म्हणजे निकलास लूमान नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ. या गृहस्थाने उभ्या आयुष्यात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, लाकडी खणांत लावल्या आणि त्यांच्या जोरावर ढीगभर पुस्तकं लिहिली. चिठ्ठ्या कागदाच्या होत्या आणि हाताने लिहिलेल्या होत्या, या गोष्टीचा पोरग्याला त्रास होत नाही. त्याच्या दुसऱ्या मेंदूत सध्या खण सगळे आहेत, चिठ्ठी एकही नाही. पहिल्या मेंदूबद्दल विचारलं तर म्हणतो, ‘काका, तो लेगसी सिस्टिम आहे.’

आणि या सगळ्यांवर मात करणारी व्यवस्था स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकते आहे, याकडे कुणाचं लक्ष नाही. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघालं, आणि तेव्हापासून त्याच्या चौकोनांत महाराष्ट्राचं खरं टिपण चालू आहे. दूध अर्धा लिटर जादा. गॅस लावला. बाई आली नाही, शेजारी उद्गारचिन्ह. या नोंदींना पासवर्ड नाही, चार्जिंग नाही, आणि महिनाअखेरीला दूधवाल्याशी वाद झाला तर आजवर एकाही दूधवाल्याने पुरावा अमान्य केलेला नाही. आमच्या संचालक मंडळाच्या इतिवृत्ताला एवढी पत नाही.

असो. वही विरुद्ध टॅब हा वाद आता मिटलाच म्हणायचा, कारण गेल्या तिमाहीपासून कचेरीत तिसराच आलाय. तो ऑनलाइन मीटिंगला सगळ्यांच्या आधी येतो, कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनात बसतो, बिस्किटं खात नाही, सगळं ऐकतो, आणि आपण ‘लीव्ह’चं बटण दाबेपर्यंत सारांश पाठवून मोकळा होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा टिपणीस. मराठी त्याला कळतं, मराठी माणूस कळत नाही. साहेब म्हणाले, ‘पगारवाढीचं ना? गणपतीनंतर बघू.’ हे वाक्य उच्चारलं जाताच खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की पगारवाढ होणार नाही. सारांशात आलं : ‘पगारवाढ. निर्णय : तत्त्वतः मान्य. जबाबदार व्यक्ती : गणपती. त्यांच्यानंतर : साहेब.’

कचेरीत खळबळ माजली. आमच्या कारभाराची इमारत उभी आहे ती ‘बघू’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’ आणि ‘मी बोलतो त्यांच्याशी’ या चार खांबांवर. त्यांना कुणीही कधी तारीख विचारली नव्हती. आता दर सोमवारी यंत्र आठवण करतं : ‘साहेब, आपण बोलणार होतात. बोललात का?’ साहेबांनी एकदा वैतागून सांगितलं, ‘हे रेकॉर्डवर नको.’ सारांशात सातवा मुद्दा : ‘हे रेकॉर्डवर नको, असे ठरले.’

तेव्हापासून मीटिंगमध्ये कुणी काही बोलत नाही. सगळे एकमेकांना शुभ प्रभात म्हणतात, आकडे वाचतात, मान हलवतात. साहेब भुवईने मंजुरी देतात, कारण भुवई यंत्राला ऐकू येत नाही. काकांची वही परत बाहेर आली आहे. ‘साहेबांची डावी भुवई वर’ अशा नोंदी सध्या तिथेच होतात. खरे निर्णय कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग पिता पिता होतात, जिथे वाय-फाय नाही आणि भजी तळण्याच्या आवाजात शेजारच्यालाही धड ऐकू येत नाही.

परवा तिथे आमचा पोरगाही आला. चहा घेतला आणि फोन बाकड्यावर पालथा ठेवला. साहेब बोलता बोलता थांबले.

‘काय रे, ते चालू नाहीये ना?’

पोरग्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, ‘पगारवाढीचं काय झालं, साहेब?’