पहिला श्वास

शनिवारी सकाळी साडेनऊला काकांची गाडी फाटकातून आत येते. पौडच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमची अकरा बंगल्यांची वसाहत आहे. सोमवार ते शुक्रवार इथे राखणदार आणि वानरं, एवढीच वस्ती. काका उतरतात, कुलूप काढतात आणि दाराच्या चौकटीत हात आडवा लावून उभे राहतात. मागे काकू. एका हातात पोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या.

"कुणी आत यायचं नाही."

काका एकटे आत जातात. खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही, उदबत्तीचं तर नावच काढायचं नाही. "नाक पाच मिनिटांत सरावतं. पहिला श्वास खरा, पुढचे सगळे होयबा." आत शांतता. मग मागच्या न्हाणीघरातून आवाज येतो, "आहे!" या 'आहे'मध्ये जो आनंद असतो, तो त्यांना नातू झाला तेव्हाही मी त्यांच्या आवाजात ऐकला नव्हता. काकू दुधाच्या पिशव्या पायरीवर ठेवतात आणि स्वतःही पायरीवर बसतात. त्यांना माहीत असतं, आता अर्धा तास गेला.

प्रत्येक वसाहतीत असा एक माणूस असतो. कुणी पार्किंगच्या पट्ट्या मोजतो, कुणी पाण्याच्या टाकीवर चढून बसतो. आमच्या वाट्याला वासाचे काका आले. त्यांचं आयुष्य बँकेच्या ऑडिटमध्ये गेलं, म्हणजे दुसऱ्याच्या वहीतली गळती शोधण्यात. निवृत्त झाल्यावर वह्या संपल्या, गळतीची ओढ राहिली.

बंगला त्यांनी घेतला तो हवेसाठी. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट असा ट्रकच्या धुरातून रस्ता काढत दर आठवड्याला यायचं ते शुद्ध हवा खायला. मुळशी-मावळ म्हणजे आंबेमोहराचा मुलूख. भाताला उकळी फुटली की आंब्याला मोहोर आल्यासारखा वास घरभर पसरावा, अशी ही जागा. आणि इथे काका गुडघे टेकून मोरीच्या जाळीला नाक लावून बसलेले! 'नाकाने कांदे सोलणं' आपण ऐकलेलं असतं. काका नाकाने प्लंबिंग करतात.

त्यांची शिकवणी एकदाच ऐकावी लागते, पण ती चुकत नाही. माझी आमच्या मोरीतच झाली.

"तुझं घर आणि सेप्टिक टँक, यांच्यामध्ये काय आहे?"

"भिंत."

"पाणी! पन्नास मिलिमीटर पाणी. दोन बोटं." त्यांनी जाळी उचलून आतली वाटी दाखवली. "याला नहाणी ट्रॅप म्हणतात. अख्ख्या देशातले प्लंबर म्हणतात, इंग्रजी पुस्तकांतसुद्धा तेच छापतात. शब्द कुठला? आपल्या न्हाणीचा. आणि मराठी माणसाला ठाऊक नाही की ही वाटी भरलेली लागते."

मुद्दा खरोखर एवढाच आहे. वाटीत पाणी उभं असेपर्यंत खालचा वायू वर येत नाही. पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेल्या न्हाणीघरात पाहुणे येत नाहीत, एप्रिल-मेच्या उन्हात ते पाणी उडून जातं आणि टाकीला घराचं दार उघडं मिळतं. लोक मात्र टाइल्स फोडतात. उपाय काय, तर आठवड्याला तांब्याभर पाणी. महिनाभर घर बंद ठेवायचं असेल तर वर चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाण्यावर साय धरल्यासारखा थर राहतो आणि पाणी लवकर उडत नाही. यावर काकूंचं म्हणणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे: "भाजीला तेल कमी घाल म्हणतात, आणि मोरीला फोडणी!"

असं पाणी अडवून धरणारा वाकडा पाइप 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने पेटंट घेऊन संडासाला जोडला आणि तो धंद्याने घड्याळजी होता, हे काका आल्यागेल्याला सांगतात. हे कळल्यापासून घड्याळजींबद्दल त्यांना विशेष आदर आहे. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तीनदा बिघडून आलं तरी ते लक्ष्मी रोडवरच्या आपल्या घड्याळजीला शब्दाने दुखवत नाहीत.

डांबरगोळ्यांचा मात्र त्यांना तिटकारा. "ही वासाला दिलेली लाच आहे. वास जात नाही, फक्त तोंड बंद ठेवतो." फिनेलचंही तेच. ॲसिडचा कॅन दिसला की काका पोलिसासारखे वागतात. टाकीत आपला मैला पचवत बिनपगारी राबणारे जिवाणू त्याने मरतात, आणि कुणी शहाण्याने वर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, त्यात माणूसही जाऊ शकतो. सात नंबरवाल्यांनी एकदा दोन्ही एकाच शेल्फवर ठेवलेलं पाहून काकांनी त्यांचा चहा नाकारला.

आता पेपरमिंटचं सांगतो. त्यात माझंही पात्र आहे.

आमच्या स्वयंपाकघरात वास येत होता. जाळ्या भरलेल्या, चेंबरची झाकणं घट्ट, तरी संध्याकाळी सडक्या अंड्यासारखी एक झुळूक यायचीच. काकांनी जुनी पद्धत काढली. गच्चीवर हवेचा पाइप वर आलेला असतो, त्यात पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं. खाली घरात जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे फट. साहेबाच्या काळात प्लंबर असंच करायचे म्हणे. अट एकच: ओतणाऱ्याने काम होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या अंगाला वास लागलेला असतो.

ओतणारा मी होतो. महिना ऑगस्ट होता.

मी ओतलं, आणि मुळशीचा पाऊस सुरू झाला. तो कसा पडतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा. वीस मिनिटांनी हाक मारली, "काका, सापडलं का?" उत्तर नाही. चाळीस मिनिटांनी खालून वास आला, तो पिठल्याचा. सगळे जेवायला बसले होते. फट केव्हाच सापडली होती. गच्चीवर माणूस आहे हे मात्र ऑडिटमधून सुटलं होतं.

सिंकखालचं कपाट उघडून काकांनी ते मला दाखवलं. मी ओलाचिंब, ते बोटाला लागलेलं पिठलं चाटत. सिंकचा तो घड्या-घड्यांचा पांढरा नळ जमिनीतल्या पाइपात नुसता खुपसलेला होता. मध्ये ट्रॅप नाही, आणि भोवती करंगळी जाईल एवढी फट. नळावर झुरळाची अंडी. शेजारीच वॉशिंग मशीनच्या पाइपाचीही तीच तऱ्हा. दोन दिवसांनी बॉटल ट्रॅप बसला, रबरी कड्या आल्या, उरलेली फट एम-सीलने बुजली. वास गेला तो गेलाच. काकांचा हाच दोष आहे. त्यांचं बरोबर निघतं, आणि मग पुढचे सहा महिने त्यांना भजी खायला बोलवावं लागतं.

एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं, आणि त्यात गंमत नव्हती. 2024 च्या जुलैत ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आमच्याकडे तेवढा नसेल, पण जमीन तुडुंब झाली. शोषखड्डा पाणी पिईना, टाकी भरली, कमोडमधून गुडगुड आवाज यायला लागला. एका बंगलेवाल्याने बांधकामावरचा एक पोरगा आणला. पाचशे रुपये देतो म्हणाला, आत उतर आणि तुंबलेलं मोकळं कर. झाकण काढलेलं होतं. पोरगा पँट वर करत होता. "वास तर एवढा येत नाही हो," मालक म्हणाला.

काका छत्री टाकून धावले. सत्तरीचा माणूस धावताना बघवत नाही. पोराचा दंड धरून त्यांनी त्याला मागे ओढला.

"वास येत नाही तेच वाईट! टाकीतला वायू थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. जास्त झाला की आधी नाक मारतो, मग माणूस. आणि माणसाला असं आत उतरवायला 2013 पासून कायद्याने बंदी आहे, तुम्हाला माहीत नाही?"

मालक काहीतरी पुटपुटले. झाकण लागलं, संध्याकाळी उपसा करणारी टँकरची गाडी आली आणि पोराला पाचशे रुपये काकांनी दिले, काम न केल्याचे. त्या दिवशी मी त्यांच्या नाकाला मनातल्या मनात हात जोडले.

पुढच्याच शनिवारी ते पुन्हा जाळीवर होते. त्यांच्या भाचीने विचारलं, "मामा, या वयात मोरीत हात घालायला कसंतरी नाही वाटत?" काकांनी धरणाकडे बोट केलं. "1921 ला इथे सत्याग्रह झाला, टाटांच्या या धरणाविरुद्ध. त्याचे सेनापती बापट पारनेरला हातात झाडू घेऊन गाव साफ करायचे. मी तर फक्त माझ्या घरची जाळी काढतोय." भाची गप्प झाली. काकू म्हणाल्या, "सेनापती झाडून झाल्यावर हात तरी धूत असतील. आधी साबण लावा, मग चहाचा कप धरा."

सध्या काका-काकू चार महिन्यांसाठी मुलीकडे सिअ‍ॅटलला गेलेत. किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री, व्हिडिओ कॉल येतो. मी त्यांचं कुलूप काढायचं, चौकटीत थांबायचं, एकट्याने आत जायचं आणि पहिला श्वास घेऊन त्याचं वर्णन करायचं. "कुबट की आंबूस? नीट सांग. कुबट म्हणजे भिंत, आंबूस म्हणजे जाळी." मग फोन प्रत्येक जाळीवर धरून पाणी ओतताना दाखवायचं. मागच्या खेपेला मी फोन बंद करणार तोच पलीकडून आवाज आला, "वरच्या गॅलरीतली राहिली."

आमच्याकडे सात जाळ्या आहेत, काकांकडे नऊ. दर शनिवारी सोळा तांबे. परवा काकूंनी पडद्याच्या कडेने डोकावून सांगितलं, तेल मात्र तुझ्या घरचं वापर.